जक्कयाचे शेजारी

लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातील जक्कय मंडळीस ठाऊकच आहे. उपदेशकांनी हा पाठ घेताना प्रथम असे विचारावे की, ज्यांस त्याने नाडले होते त्या शेजाऱ्यांस त्याचा पालट खरा वाटला असेल काय?

हाच प्रश्न १९६९ साली अमेरिकेतील शिकागो शहरी एका मेथडिस्ट मंडळीपुढे उभा राहिला. तेथे पोर्टो रिको बेटातून आलेल्या कुटुंबांतील तरुणांची 'यंग लॉर्ड्स' नामक टोळी १९५९ पासून होती. गल्लीसाठी मारामाऱ्या करणे हाच तिचा व्यवसाय. तिचा पुढारी होसे हिमेनेझ १९६८ साली तुरुंगात असता वाचन व मनन करू लागला. नगरसुधारणेच्या नावाखाली आपलीच माणसे लिंकन पार्क भागातून हुसकली जात आहेत, आणि आपण मात्र एकमेकांची डोकी फोडीत आहो, हे त्यास उमगले. त्याच वर्षी त्याने टोळीस लोकसेवेकडे वळविले.

पुढल्या उन्हाळ्यात या तरुणांनी आर्मिटेज रस्त्यावरील मंदिराचा ताबा घेतला. (ही रीत आम्हांस प्रशस्त वाटत नाही.) कित्येक सभासद भ्याले, रागावले, आणि त्यांस दोष तरी कसा द्यावा? पाळक ब्रूस जॉन्सन यांनी मात्र तरुणांची बाजू घेतली. मग त्याच इमारतीत पाळणाघर निघाले, मुलांस फुकट न्याहारी मिळू लागली, गरिबांसाठी दवाखानाही झाला.

सप्टेंबर १९६९ च्या अखेरीस जॉन्सन व त्यांची पत्नी यूजिनिया यांचा राहत्या घरी भोसकून खून झाला. त्याचा उलगडा झालाच नाही.