अनुवंशाची चौकट

भाताचें बियाणें राखून ठेवतांना आपल्या माणचा शेतकरी भरदार लोंब्या निवडतो. जसें बीज तसें पीक, हा त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. परंतु धडधाकट आईबापांच्या पोटीं जन्मतः रोगी मूल येतें, तेव्हां हा अनुभव अपुरा पडतो आणि लोक दैवास, पुष्कळदां सुनेच्या माहेरास, बोल लावतात. या कोड्याचा उलगडा चार घरांच्या एका साध्या चौकटींत आहे. वाचकांनीं ती कागदावर काढून पाहावी.

ब्रून शहरांतील मठांत राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलनें १८५६ पासून आठ वर्षें वाटाण्यावर प्रयोग केले. गोल व सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला असतां सर्व दाणे गोलच निघाले. सुरकुती कायमची गेली असें कोणासही वाटलें असतें; पण पुढील पिढींत ७३२४ दाण्यांपैकीं ५४७४ गोल व १८५० सुरकुतलेले भरले, म्हणजे सुमारें तीनास एक. यावरून त्यानें ताडलें कीं, प्रत्येक गुणाचे घटक दोन, एक मातेचा व एक पित्याचा. त्यांतील एक प्रबल असल्यास दुसरा सुप्त राहतो, नष्ट होत नाहीं. या घटकांस आज आपण जनुक म्हणतों. चौकटीची युक्ति केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांची.

आतां वाटाणा सोडून सिकलसेल हा रक्तरोग घेऊं. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत तो आढळतो. आणि हिंजवडी-माणच्या उद्योगनगरींत राज्याच्या सर्व भागांतील कुटुंबें राहत असल्यामुळें तो दूरचा समजण्याचें कारण नाहीं. यांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडें व सांधे असह्य दुखतात, अंगांत रक्त कमी पडतें.

निरोगी जनुकास ‘अ’ व रोगाच्या जनुकास ‘स’ म्हणूं. ‘अस’ असलेला मनुष्य केवळ वाहक. त्यास सहसा कांहीं त्रास होत नाहीं. (उलट मलेरियाच्या घातक तापापासून त्याचें कांहींसें रक्षणच होतें. म्हणूनच मलेरियाच्या मुलखांत हें जनुक टिकून राहिलें.) दोन वाहकांचा विवाह झाला असें समजा. मातेचीं जनुकें वर व पित्याचीं डावीकडे लिहावीं:

　　　अ　　स
अ　　अअ　अस
स　　अस　सस

एक घर पूर्ण निरोगी, दोन वाहक, एक रोगी. रोगी घरांतील एक ‘स’ वरून आला व एक डावीकडून. सुनेस एकटीस दोष देणाऱ्यांनीं हें घर नीट पाहावें.

येथें पुष्कळांची एक चूक होते. पहिलें मूल रोगी निघालें कीं, ‘चारांतील एक झालें, आतां पुढचीं तीन सुखरूप’ असें तीं आईबापें धरून चालतात. तसें नाहीं. रुपया उडविला व छापा पडला, म्हणून पुढच्या वेळीं काटाच पडेल असें थोडेंच आहे? चौकटीस मागील बाळंतपण आठवत नाहीं. प्रत्येक मुलास ती पहिल्यापासून लागू होते. चार मुलें झालीं तर चारही रोगमुक्त असण्याचा संभव २५६ त ८१, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी. आणि एकाहून अधिक मुलें रोगी निघालीं तरी त्यांत नवल नाहीं.

दोघांपैकीं एकच वाहक व दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर खालच्या ओळींत ‘स’ ऐवजीं ‘अ’ लिहावा. आतां ‘सस’ हें घर उरतच नाहीं. मुलें वाहक होतील, पण रोगी होणार नाहींत.

आणखी एक हिशेब मोठ्या विद्यार्थ्यांसाठीं. रोगी मुलाचा धडधाकट भाऊ वाहक असण्याचा संभव किती? निम्मा, असें उत्तर चटकन येतें. परंतु तो रोगी नाहीं हें ठाऊकच असल्यामुळें चौथें घर खोडावें लागतें. उरलेल्या तीन घरांपैकीं दोन वाहकांचीं. म्हणून संभव तीनांत दोन. अशा भावाचें किंवा बहिणीचें लग्न ठरवितांना पत्रिकेबरोबर रक्ताची तपासणीही करावी. तो वाहक आहे कीं नाहीं, हें तिच्यानें निश्चित कळतें.