टर्फवाल्या भाच्याला चार गोष्टी

खारघरला टर्फ घेतलंस, कर्ज काढलंस, आता एप्रिल तोंडावर आलाय. तुझी आई म्हणाली, मामाला विचार, त्याचं आयुष्य मैदानांवर गेलंय. गेलं खरं, पण खऱ्या गवतावर. म्हणून आधी फरक समजून घे. खरं गवत मुळांनी पाणी ओढतं, पात्यांतून वाफ सोडतं आणि त्यातच थंड राहतं. तुझं गवत प्लॅस्टिकचं. ऊन पडलं की तापायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याला पाणी पाजून काही होत नाही. तिथे कामाला येते सावली आणि वेळ.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक टर्फवाले तिथेच फसतात. अमेरिकेत युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या लोकांनी 2002 मध्ये आपल्याच मैदानावर मोजून पाहिलं. कृत्रिम गवत 79 अंश सेल्सिअसला तापलेलं. पाणी मारलं, तर 29 वर आलं. छान वाटलं असेल त्यांना! पण पाच मिनिटांत ते 49 वर गेलं आणि वीस मिनिटांत 73 वर. तापल्या तव्यावर शिंतोडे मारण्यातला प्रकार. आणि तिथली हवा कोरडी. आपल्याकडे खाडीची दमट हवा, घामसुद्धा वाळत नाही. भर दुपारी पाइप धरून बसलास, तर टँकरचं बिल वाढेल, पोरं वाफेत खेळतील आणि ओल्या पात्यावर बूट सरकेल तो वेगळाच. कुणी म्हणेल, हॉकीच्या टर्फवर पाणी मारतातच की. मारतात, पण ते चेंडू नीट पळावा आणि पडल्यावर अंग खरचटू नये म्हणून. तू पाणी मारायचंच असेल तर ऊन उतरल्यावर, स्लॉटच्या अगदी आधी, हलका फवारा मार. धूळ बसेल, तेवढा फायदा. आणि खाडीकडच्या बोअरचं खारं पाणी वापरू नकोस, पात्यावर पांढरा थर धरतो.

आता वेळ. एप्रिल-मेमध्ये साडेदहा ते साडेचार कुलूप. तू म्हणशील, मामा, हप्ता कोण भरणार? सकाळी साडेपाचला उघड. कंपनीत जाणारी पोरं येतात, फक्त त्यांना वेळ कळवायला हवी. सूर्य मावळला की पातं लवकर निवतं, ही या गवताची एक चांगली बाजू. पण खाली काँक्रीट असेल तर ते रात्रीपर्यंत ऊब धरून बसतं. म्हणून गच्चीवरच्या टर्फवाल्याने संध्याकाळचा पहिला स्लॉट जरा उशिरानेच ठेवावा.

नुसत्या अंदाजावर जाऊ नकोस. हाताची मागची बाजू गवतावर टेकव आणि शांतपणे सात आकडे मोज. हात ओढून घ्यावासा वाटला, तर तिथे कुणी अनवाणी जाणार नाही, कुणी टेकणार नाही, लहान मूल तर नाहीच. मोजूनच बघायचं असेल तर कारखान्यात वापरतात ती तापमानाची बंदूक आण. कोरोनात कपाळावर धरायचे ती नको. ती माणसाच्या तापापुरती, त्यापुढे आकडाच दाखवत नाही. आणि गवत मोजलंस की गोलपोस्ट, गेटची कडी, लोखंडी खांब हेही बघ. त्यांना आधी फोम गुंडाळ.

सावलीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. वर जाळी आहे म्हणजे सावली आहे, असं वाटतं. ती चेंडू अडवायची नायलॉनची जाळी, तिच्यातून ऊन सरळ खाली येतं. सावलीसाठी शेतकरी रोपवाटिकेवर घालतात ती शेडनेट लागते आणि ती पश्चिमेकडून आधी बांधायची, कारण दुपारनंतरचा मार तिकडून. मात्र वारा यायला बाजू मोकळी राहू दे. सगळीकडून कापड लावून कोंडवाडा करू नकोस. पावसाच्या तोंडावर पश्चिमेला करंज आणि कडुनिंब लाव. पाच-सात वर्षं लागतील, पण ती झाडं तुझ्या मुलाच्या हातात टर्फ देताना उपयोगी पडतील.

गवताच्या मध्ये भरतात त्या चुऱ्याकडे कुणी लक्ष देत नाही. जुन्या टायरचा काळा रबरी चुरा स्वस्त मिळतो, पण तोच सर्वांत जास्त तापतो आणि उन्हात वास मारतो. युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा चुऱ्याच्या विक्रीवर बंदीचा नियम केला, अंमल 2031 पासून. मला विचारशील तर फिक्या रंगाची सिलिका वाळू घे. ती थोडी खरखरीत असते, म्हणून घसरत डाइव्ह मारणाऱ्यांना लांब पँट आणि गुडघ्याला पॅड सक्तीचे कर.

आता जिवाचं. आपल्याच खारघरचं बघ. 16 एप्रिल 2023, महाराष्ट्र भूषणचा सोहळा, माणसं तासन्‌तास उघड्यावर उन्हात बसली. पारा 38 च्या आसपास. विदर्भातला माणूस त्याला ऊन म्हणणार नाही. तरी उष्माघाताने 14 जण गेले. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता आतच राहते. हवामान खातंसुद्धा मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार 40 अंशांपासून करतं आणि किनाऱ्यावर 37 पासूनच. आणि हे सगळे आकडे सावलीतल्या हवेचे. टर्फवर पायाखालून येणारी धग त्यात धरलेली नाही.

म्हणून माठ आणि ओआरएसची पाकिटं गेटपाशीच ठेव. खेळाडू पाणी प्यायला थांबला नाही तर तू खेळ थांबव. दर पंधरा मिनिटांनी, आणि शिट्टी तुझ्या हातात असू दे. कुणी बडबडायला लागला, पाय लटपटले, अंग भाजत असूनही भान नसेल, तर सावलीत घे, कपडे सैल कर, अंगावर पाणी ओत, पंखा लाव आणि 108 ला फोन कर. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नकोस, कितीही जण ओरडले तरी. इथे पाणी मार, हवं तितकं. माणसाला ते लागतं.

बाकी बारीकसारीक. समोरच्या इमारतीला आरशासारखी काच असेल तर तिची तिरीप कुठे पडते ते पहा. बेलापूर-वाशीकडे अशा इमारती पुष्कळ. परतलेल्या उन्हाने पातं वितळतं आणि लोक माल खराब होता म्हणतात. उन्हाने कार्पेट फुगतं-आकसतं आणि जोडाचा गोंद सुटतो, म्हणून दर सोमवारी जोडांवरून एक चक्कर मार. उखडलेल्या जोडात पाय अडकून घोटे मुरगळतात. सिगारेट, फटाके, उदबत्त्या आत नाहीत, आणि वाढदिवसाच्या केकवरची ती ठिणग्या उडवणारी मेणबत्तीसुद्धा नाही. हे प्लॅस्टिक पेट घेतं आणि बॉक्सला दार एकच असतं. तुझ्या जागेला दुसरं काढून घे.