टिकी, मुंडा आणि वीरगळ : सहलीला जाण्यापूर्वी



परदेशातील करमणूक उद्यानांच्या चित्रांत मोठे डोळे आणि उघडे तोंड असलेले लाकडी पुतळे तुम्ही पाहिले असतील. त्यांना ‘टिकी’ म्हणतात. हा शब्द प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन बेटांचा. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या काही कथांत टिकी हा पहिला मानव. कोरलेल्या मानवाकृतीलाही तेच नाव. अशा आकृत्यांमागे पूर्वजांची व देवतांची आठवण असते.

१९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातील उपाहारगृहांनी या आकृत्या सजावटीसाठी मांडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ही आवड वाढली. १९६३ साली डिस्नीलँडमध्ये ‘एन्चँटेड टिकी रूम’ सुरू झाली. तेथे यांत्रिक पक्षी गातात आणि टिकीही त्यांना साथ देतात. लोकांची करमणूक झाली, पण ही आकृती कोणाची आणि कशासाठी, हे विचारायचे राहून गेले.

आता आपल्या घरातले पाहा. अनेक मराठी देवघरांत देवांच्या टाकांबरोबर पूर्वजांचेही टाक असतात. कोणी ते हॉटेलच्या भिंतीवर शोभेसाठी लावले, तर आजीला काय वाटेल? उत्तर सांगायला नको.

महाराष्ट्रातील गावोगावच्या वीरगळांवर वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. चंद्र-सूर्य असेपर्यंत वीराची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. मेळघाटात आणि इकडे बैतूल-खंडवा भागात राहणारे कोरकू लोक मृतांच्या स्मरणार्थ लाकडी फळी कोरतात. तिला ‘मुंडा’ म्हणतात. तिच्यावरही घोडेस्वार आणि चंद्र-सूर्य दिसतात. दगड वेगळा, लाकूड वेगळे, भावना एकच.

हे सारे समजून घ्यायला नेहरू नगरच्या मुलांना समुद्र ओलांडावा लागत नाही. श्यामला हिल्सवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. १९७७ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था पुढे भोपाळला आली. येथील उघड्यावरची आदिवासी घरे त्या त्या समाजाच्या कारागिरांनी स्वतः बांधली आहेत. जवळच २०१३ साली सुरू झालेले जनजातीय संग्रहालय आहे. त्यातील ‘देवलोक’ दालन अवश्य पाहा.

भोपाळने आणखी एक चांगली गोष्ट केली : कलाकाराला त्याचे नाव दिले. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांची कला भारत भवनमुळे जगापुढे आली. भिल्ल चित्रकार भूरीबाई याच भारत भवनच्या बांधकामावर मजुरी करीत होत्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पालकांना विनंती : दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. एका दिवसात सर्व पाहण्याची घाई करू नये. दोन-तीन घरेच निवडावीत, पण सावकाश पाहावीत. मुलांना मूर्तींवर चढून फोटो काढू देऊ नयेत. विश्वस्त मंडळाने शालेय सहलीसाठीही या स्थळांचा विचार करावा.

सहलीचा स्वाध्याय
१. एक कोरीव आकृती निवडून तिचे चित्र काढा.
२. ती कोणत्या समाजाची, कशापासून बनवलेली व कशासाठी, हे फलक वाचून लिहा.
३. कलाकाराचे नाव सापडले का? सापडल्यास नोंदवा.
४. आपल्या घरी पूर्वजांची आठवण कशी जपतात, हे आजी-आजोबांना विचारून पाच ओळी लिहा.