मी वाईची, हे त्यांना कसं कळलं?

प्रश्न : मी मूळची वाईची. केंद्राच्या शाळेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक मिझोरामात झाली. पहिल्या आठवड्यात व्हरांड्यातून जाताना मुलं आपसात 'वाइ, वाइ' कुजबुजताना ऐकली. क्षणभर वाटलं, माझं गाव यांना कसं कळलं! मग एका सहकाऱ्याने अर्थ सांगितला. तेव्हापासून मन खट्टू आहे. ही शिवी समजायची का?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, कृष्णाकाठच्या वाईचा इथे काही संबंध नाही. मिझो बोलीत 'वाइ' म्हणजे डोंगरापलीकडचा, सपाटीवरचा भारतीय माणूस. तुम्ही वाइ, बंगाली दुकानदार वाइ, बिहारी गवंडीही वाइ. गोऱ्याला ते 'साप' म्हणतात (आपल्या 'साहेबा'चंच हे लेकरू!), बर्मी माणसाला 'कॉल'. तेव्हा शब्द मुळात शिवी नाही.

पण कोशातल्या अर्थावर भागत नाही. १८७१-७२ मध्ये इंग्रजांनी या डोंगरांवर फौज नेली, तिलाही मिझो लोक 'वाइलियन', म्हणजे वाइंची स्वारीच म्हणतात. मार्च १९६६ मध्ये मिझोंचं बंड मोडायला आपल्याच हवाई दलाने ऐझॉलवर मारा केला. पुढे गावंच्या गावं उठवून लष्कराच्या नजरेखाली रस्त्यालगत वसवली. शांततेचा करार व्हायला ३० जून १९८६ उजाडला. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आज्यांनी ते दिवस काढले आहेत. आजीच्या तोंडी 'वाइ' येतो तेव्हा त्याला बंदुकीचा वास असू शकतो. नातवाच्या तोंडी बहुधा एवढंच, की 'त्या बाहेरच्या बाई आल्या'.

सूर ओळखायला शिका. पाठीमागची कुजबुज कानाआड करा. तोंडावर हिणवायला वापरला, तर तिथल्या तिथे, न चिडता, विचारा. आणि एक सांगू? पुण्यात शिकायला आलेल्या मिझो मुलीला आपण 'चिंकी' म्हणतो, तेव्हा त्यामागे कुठली जखम असते? नुसता उर्मटपणा. असं हिणवणाऱ्यांवर ॲट्रॉसिटी लावा, असं केंद्रीय गृहखात्याला २०१२ मध्ये राज्यांना कळवावं लागलं होतं. त्या मानाने तुमच्या वाट्याला आलेला शब्द सोसण्याजोगा आहे.

आता कामाचं. हजेरीत आडनाव शोधू नका, बहुतेकांना ते नसतंच. निम्मा वर्ग 'लाल'ने सुरू होईल. शेवटचं अक्षर पाहा : मुलाच्या नावाअखेर 'आ', मुलीच्या 'ई'. लालथनहॉला, झोरमथांगा, लालदुहोमा हे तिन्ही मुख्यमंत्री आठवा. पालक भेटले की 'चिबाइ' म्हणा, वडीलधाऱ्या बाईंना 'का पी', पुरुषांना 'का पू'. तोंडातून हे निघालं की समोरचा माणूस कसा सैलावतो, ते पाहाच. जेवणं लवकर होतात. संध्याकाळी सहाला कुणी पानावर बोलावलं तर चहा समजून पोट भरून जाऊ नका.

आणि भाजी-दूध शनिवारीच आणून ठेवा. रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असतं, दुकान उघडं सापडत नाही.