कोंबड्यांच्या आवारातील हिरवा पाला

वाशिम जिल्ह्यात पावसाळ्यात कोंबड्यांना हिरवा पाला मुबलक मिळतो. टंचाई भासते उन्हाळ्यात. पाल्यातील कॅरोटीनपासून त्यांना अ जीवनसत्त्व मिळते व पाला खाल्ल्याने अंड्याचा बलक पिवळाधमक होतो. म्हणून आवारात बहुवर्षायू वनस्पती लावाव्यात. विहिरीस पाणी असल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निचऱ्याच्या जमिनीत लसूणघास पेरावा. गुंठ्यास पाव किलो बी पुरते. कोंबड्या कोवळी रोपे उकरून टाकतात. यास्तव आवाराचे दोन भाग करून, पीक वाढल्यावर ते आळीपाळीने मोकळे सोडावेत. पाणी बेताचे असेल तर कुंपणालगत शेवगा लावावा. सुबाभूळ मात्र टाळावी. तिच्या पाल्यातील मिमोसीन हे द्रव्य कोंबड्यांना अपायकारक असते. तथापि पाला हा पूरक आहार होय. धान्य व पेंड यांची जागा तो घेऊ शकत नाही, हे कुक्कुटपालकांनी ध्यानात ठेवावे.