रेडिओ-नियंत्रित नमुना-विमान : रचना आणि समतोल

आकाशात वळणे घेणारे एखादे नमुना-विमान आणि जमिनीवर उभा असलेला त्याचा चालक यांना जोडणारा दुवा डोळ्यांना दिसत नाही. तो रेडिओ-तरंगांचा असतो. परंतु रेडिओ केवळ आज्ञा पोहोचवितो. ती पाळण्याची क्षमता विमानाच्या रचनेत आणि समतोलात असावी लागते. कित्येक आठवड्यांच्या परिश्रमाने सिद्ध झालेले विमान पहिल्याच उड्डाणात कोसळते, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा जमिनीवरच राहून गेलेल्या उणिवेत सापडते.

पूर्वेतिहास

फ्रेंच संशोधक आल्फोन्स पेनो याने १८७१ मध्ये पॅरिसच्या ट्युइलेरी उद्यानात पीळ दिलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे लहानसे विमान उडविले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. चालक नसतानाही ते स्थिर राहिले, कारण शेपटीच्या पृष्ठाची योजना विचारपूर्वक केलेली होती. पुढे १८९८ मध्ये निकोला टेस्ला याने न्यूयॉर्क येथे रेडिओ-तरंगांनी चालणारी नौका लोकांना दाखविली. या दोन कल्पनांचा संयोग घडविणाऱ्या आरंभीच्या प्रयोगकर्त्यांत अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड हे जुळे बंधू होते. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी उडविलेले ‘गफ’ हे विमान स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात जतन केलेले आहे.

सांगाडा

नवशिक्याने पंख धडाच्या वर असलेले विमान निवडावे. पंखांची टोके किंचित उंचावलेली असली की विमान एका बाजूस कलल्यावर पूर्ववत होण्यास साहाय्य होते. बांधणीसाठी बाल्सा हे अतिशय हलके लाकूड किंवा फोमचे तक्ते वापरतात. पंखाचा सांगाडा सपाट फळीवर, आराखड्याच्या कागदावरच जुळवावा आणि सरस पूर्ण वाळेपर्यंत उचलू नये. पंखास नकळत पीळ राहिला, तर दोन्ही बाजूंची उचल सारखी राहत नाही व विमान सतत एकाच बाजूस झुकते.

आज्ञेचा मार्ग

चालकाच्या हातातील प्रेषकाची दांडी हलली की संदेश विमानातील ग्राहीकडे जातो आणि ग्राही तो सर्व्होला देतो. सर्व्हो म्हणजे दिलेल्या कोनापर्यंत फिरून तेथेच थांबणारी छोटी मोटर होय. सामान्य सर्व्होला सेकंदाला सुमारे ५० विद्युत-स्पंद मिळतात. स्पंद १.५ सहस्रांश सेकंद टिकला, तर सर्व्होचा दांडा मध्यभागी राहतो. १ किंवा २ सहस्रांश सेकंद टिकला, तर तो एका अथवा दुसऱ्या बाजूस वळतो. त्याला जोडलेली तार विमानाची हलती पृष्ठे फिरविते.

ही हालचाल विमानाच्या मागे उभे राहून तपासावी. दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचे एलरॉन वर व डाव्या पंखाचे खाली गेले पाहिजे. दांडी स्वतःकडे ओढली की शेपटीवरील एलिव्हेटरची मागची कड वर उचलली गेली पाहिजे. त्यामुळे हवेत शेपटी दबते व नाक वर येते. यांपैकी एकही हालचाल उलट असेल, तर सावरण्याचा प्रत्येक प्रयत्न विमानास संकटात लोटतो.

गुरुत्वमध्य

प्रारंभिक विमानाचा गुरुत्वमध्य साधारणतः पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या एकचतुर्थांश ते एकतृतीयांश अंतरावर ठेवतात. पंख २४ सेंटिमीटर रुंद असेल, तर हे अंतर ६ ते ८ सेंटिमीटर येते. नाक जड असलेले विमान मंदपणे वळते, तरी बहुधा आवरता येते. शेपटी जड असेल, तर वाऱ्याच्या झोताने उचललेले नाक आपोआप खाली न येता अधिकच वर जाते आणि विमान हाताबाहेर जाते.

समजा, १,२०० ग्रॅम वजनाच्या विमानाचा गुरुत्वमध्य ७ सेंटिमीटरवर हवा असून तो ९ सेंटिमीटरवर भरला. तो २ सेंटिमीटर पुढे आणावयाचा आहे; १,२०० × २ = २,४००. इष्ट बिंदूच्या ३० सेंटिमीटर पुढे, नाकात वजन ठेवावयाचे असल्यास २,४०० ÷ ३० = ८० ग्रॅम लागतील. मात्र आत १६० ग्रॅमची बॅटरी असेल आणि ती १५ सेंटिमीटर पुढे सरकविण्यास जागा असेल, तर १६० × १५ = २,४०० होऊन वजन न वाढविता तेच कार्य साधते. म्हणून बॅटरीची जागा सर्वांत शेवटी निश्चित करावी.

उड्डाणापूर्वी

विद्युत-मोटर असल्यास घरातील चाचणी पंखा काढूनच करावी. फिरता पंखा बोटांना गंभीर इजा करू शकतो. मैदानावर प्रेषकाची शक्ती कमी करून, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावरून आज्ञा पोहोचतात की नाही ते पाहावे. वारा मंद असावा, लोकांची वर्दळ नसावी आणि जवळ अनुभवी चालक असावा. भारतात २०२१ मध्ये अशा उड्डाणांसाठी स्वतंत्र नियम करण्यात आले. त्यांनुसार जागेची अनुज्ञेयता आधी पाहून घ्यावी.

स्वाध्याय

९०० ग्रॅम वजनाच्या विमानाचा गुरुत्वमध्य इष्ट बिंदूच्या १ सेंटिमीटर मागे आहे. त्या बिंदूच्या ३० सेंटिमीटर पुढे किती वजन ठेवावे? (उत्तर : ३० ग्रॅम)