घळीत शिरण्याआधी

चि. ओंकार यास,


गुलमर्गला जाऊन अफरवत डोंगराच्या घळींतून स्की करत उतरायचा तुझा बेत दादाकडून कळला. जरूर जा. पण सह्याद्रीतल्या नाळा उतरलास त्या अनुभवावर विसंबू नकोस. नळीच्या वाटेत एखादा धोंडा निसटतो. बर्फाच्या घळीत तू उभा असतोस तो उतारच निसटतो.

बर्फाचे थर सुटतात ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, आणि स्कीची खरी मजाही तिथेच. धारेपलीकडून वाऱ्याने आणलेला बर्फ घळीच्या माथ्याशी आणि कडांलगत साचतो. नवी हिमवृष्टी नसली तरी रात्रीत घट्ट थर बसतो. त्याखाली जुना, दाणेदार, ठिसूळ बर्फ असला की एका माणसाचं वजन पुरतं. मोकळ्या उतारावर निदान बाजूला निसटता येतं. घळीत दोन्हीकडे खडक. गुडघाभर बर्फही माणसाला त्यांवर आपटत नेतो आणि खालच्या अरुंद जागी खोल गाडतो. म्हणून जे ठरवायचं ते माथ्यावर, आत शिरण्याआधी.

गोंडोला (रोपवे) वर नेऊन सोडतो, म्हणून अख्खा डोंगर सुरक्षित होत नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. रोज सकाळी हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी बघ. पाचपैकी तिसरी असली तरी घळ सोडायची आणि ३० अंशांखालचे उतार धरायचे. तिसरी म्हणजे मधली, असं वाटून माणसं फसतात. आधीच्यांच्या स्कीचे माग दिसले तरी भुलू नकोस. दहाव्या माणसाखालीही थर सुटतो. पायाखाली 'धप्प' आवाज होऊन बर्फ खचला, तर तिथूनच मागे फिरा.

उतरायचं एकेकाने. बाकीच्यांनी घळीच्या रेषेबाहेर थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. एकाचंही मन कचरलं तर सगळ्यांनी फिरायचं, आणि त्याला कारण विचारायचं नाही. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण मित्रांसमोर 'नको' म्हणणं तुला जड जातं.

बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळी), फावडं प्रत्येकाकडे हवंच. गाडलेल्या माणसाची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. तेवढ्यात पोचू शकतात ते फक्त सोबती. तेव्हा निघण्याआधी पुण्यातच एखाद्या मैदानावर बीकन लपवून शोधायचा सराव करा. कुणाला किती वेळ लागला ते मला कळव.

तुझी,
आत्या